कम्युनिटी रेडिओवर मनाच्या दुखण्याबद्दल बोलतो, पण गावात आवाज ओळखला जातो. काय करावं?

रानपाखरू:
यवतमाळ जिल्ह्यातल्या एका छोट्या कम्युनिटी रेडिओवर मी दोन वर्षं निवेदन करते. ५० वॉटचा ट्रान्समीटर, दहा-बारा किलोमीटरच्या टापूतली गावं, बस. दर बुधवारी संध्याकाळी मनाच्या तब्येतीवर अर्ध्या तासाचा कार्यक्रम असतो.

मागच्या महिन्यात एक ताई आपणहून बोलायला आल्या. तीन वर्षांपूर्वी नवऱ्याने आत्महत्या केली. आम्ही ना नाव घेतलं, ना गाव. बोलता बोलता म्हणाल्या, "कणीक अजून पाच जणांचीच मळली जाते, घरात चौघंच आहोत." दुसऱ्या दिवशी चक्कीवर दळण घेऊन गेल्या तर बाया विचारायला लागल्या, काल रेडिओवर तूच होतीस ना? सासरी भांडण झालं. त्यांचा मला फोन आला, "ताई, ते परत नका लावू." मी लगेच काढलं, पण तेव्हापासून मला चैन नाही. चूक माझी होती.

संगणकावर आवाज बदलून पाहिला, ऐकवत नाही. माणसांचे आवाजच काढले तर डॉक्टरांचं भाषण तेवढं उरतं, ते ऐकायला कुणी थांबत नाही. कुणी असं काम केलं असेल तर सांगा.

जुना निवेदक:
आकाशवाणीत तीस वर्षं काढली. आम्ही पत्रं वाचायचो, तुम्हीही तेच करा. त्यांचं बोलणं लिहून घ्या आणि लांबच्या गावातल्या बाईकडून वाचून घ्या. गोष्ट खरी आहे, आवाज दुसऱ्याचा आहे, हे सुरुवातीलाच सांगून टाका. मुलं किती, शेत किती, हे बदला; बोलीचा हेल बदलू नका.

आणि होकार रेकॉर्डिंग संपल्या संपल्या घेऊ नका. मन मोकळं झालं की माणूस कशालाही हो म्हणतो. चार दिवसांनी ऐकवा आणि मग विचारा.

समुपदेशक:
रानपाखरू, जे त्या वेळेतून निभावून आले त्यांना जास्त बोलू द्या. व्हिएन्नातल्या संशोधकांनी ऑस्ट्रियातल्या वर्तमानपत्रांचा अभ्यास करून २०१० मध्ये हेच मांडलं: संकटात सापडूनही सावरलेल्या माणसांच्या बातम्या छापून आल्या, त्यानंतर आत्महत्या कमी झालेल्या दिसल्या. एकाच घटनेच्या पुन्हा पुन्हा बातम्या आल्या की उलटं. सावरलेल्यांच्या गोष्टींनी होणाऱ्या या चांगल्या परिणामाला पापागेनो परिणाम म्हणतात. गेलेल्याबद्दल बोलावंच लागलं तर कसं केलं, कुठे केलं, हे अजिबात नको. "कर्जापायी गेला" असं एकच कारणही नको. ऐकणाऱ्यावरही कर्ज असतं.

टेलि-मानस या मनाच्या तब्येतीसाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ नंबर कार्यक्रमाच्या मधेही द्या, सावकाश, दोनदा. फोन फुकट आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. आणखी एक सांगाच. पोलीस केस होईल म्हणून घरचे प्रयत्नाची गोष्ट दाबतात आणि उपचार राहून जातात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम ११५ म्हणतं, असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं आणि त्याला आधार द्यायचा.

कार्यक्रम चालू असताना तुमच्याच नंबरवर कुणी रडत फोन केला तर तो कोण घेणार? हे आज ठरवा. त्याला थेट प्रसारणात घेऊ नका, आणि फोन ठेवूनही देऊ नका.

शेतबांध:
मी ऐकणाऱ्यांतला. "मानसिक आरोग्य" म्हटलं की आमच्याकडचे पुरुष उठून जातात. माझा भाऊ वर्षभर म्हणत होता, झोप येत नाही, घास उतरत नाही, कशातच जीव लागत नाही. आम्ही पित्ताच्या गोळ्या देत राहिलो. डॉक्टरकडे नेल्यावर कळलं. आता बरा आहे, यंदा कापूस त्यानेच पेरला. तर तुम्ही झोपेबद्दल बोला, घासाबद्दल बोला. बाजारभाव सांगता ना? त्याच्या पाठोपाठ लावा, तेव्हा सगळे टपरीवर असतात. फवारणीचं औषध कुलपात ठेवा आणि किल्ली घरच्यांकडे द्या, हेही दर वेळी सांगा.

रानपाखरू:
सगळ्यांचे आभार. काल त्या ताईंकडे जाऊन आले. माफी मागितली, मग पत्राचं विचारलं. बराच वेळ गप्प होत्या. म्हणाल्या, "लिहून घ्या, पण कणकेचं तेवढं काढा. ते माझं आहे." काढलं. परवा त्यांना वाचून दाखवणार आहे, हो म्हणाल्या तरच पुढचं. बाजारभाव सव्वासातला संपतात, म्हणून पुढच्या बुधवारपासून आमची वेळ तीच. फोनवर आमची दुसरी ताई बसेल, तिच्यासमोर १४४१६ लिहून चिकटवलाय. शेतबांध, तुमच्या भावाला बोलावंसं वाटलं तर त्यांच्या सवडीने कळवा, घाई नाही.