गोल बाल्कनीवरून घराचे वय ठरवू नये

बेळगावच्या टिळकवाडीतील एका घराची गोल बाल्कनी आणि सिमेंटचा स्लॅब पाहून ते १९५६ नंतरचेच असावे, असा निष्कर्ष त्या घराविषयीच्या चर्चेत काढला गेला आहे. तो मला घाईचा वाटतो. मुंबईत अशा गोलाईच्या बाल्कन्या १९३० च्या दशकातच रूढ झाल्या होत्या, आणि १९५६ पर्यंत बेळगाव मुंबई राज्यातच असल्यामुळे इथली सधन घराणी नकाशासाठी मुंबई-पुण्याच्या वास्तुविशारदाकडे जात, यात नवल नव्हते. आमच्या आजोबांच्या घराचा निळा नकाशा (ब्लूप्रिंट) अजून ट्रंकेत आहे. त्यावर दर्शनी भाग आधुनिक, सपाट छपराचा दाखवला आहे. मागे मात्र माजघर, न्हाणीघर आणि मंगळुरी कौलांची उतरती पडवी जशीच्या तशी आहे, भिंती अर्थात चिऱ्याच्या. (सपाट स्लॅबने इथल्या पावसापुढे लवकरच हात टेकले आणि त्यावरही कौले चढली, ही गोष्ट वेगळी.) सोबतच्या अंदाजपत्रकातले हिशेब रुपये-आणे-पैमध्ये आहेत, दशमान नाणी १ एप्रिल १९५७ रोजी आली, म्हणजे कागद बहुधा त्याआधीचा; तेव्हा बाल्कनीच्या आकारापेक्षा असा कागद मला अधिक भरवशाचा वाटतो.

आणखी एक मुद्दा चर्चेत आलेला नाही. बेळगावला लागून असलेले शहापूर १९४८ पर्यंत सांगली संस्थानात होते. त्यामुळे तिथल्या एखाद्या वाड्याचा इतिहास शोधताना केवळ बेळगाव नगरपालिकेचे जुने दप्तर चाळून भागणार नाही, संस्थानी कागदपत्रेही पाहावी लागतील.