फ्लॅश, घड्याळ आणि टॉर्च : तिघांना एकच सेल नको

सगळ्या उपकरणांत रिचार्जेबल सेलच घाला, असा सल्ला काही जण देतात. कॅमेऱ्याच्या फ्लॅशपुरतं अगदी पटलं. फ्लॅशला एका दमात भरपूर करंट लागतो आणि निकेल मेटल हायड्राइड (म्हणजे नेहमीच्या रिचार्जेबल) सेलचा अंतर्गत रोध, म्हणजे करंटला सेलच्या आतच होणारा अडथळा, कमी असल्याने ते तो सहज देतात. अल्कलाइन (एकदाच वापरायचे नेहमीचे) सेल घातले की दर फोटोनंतर फ्लॅश तयार होईपर्यंत ताटकळावं लागतं.

भिंतीवरच्या घड्याळाला मात्र करंट लागतो अगदी नखभर, तोही वर्षभर. तिथे साधा झिंक-कार्बन सेल पुरतो.

टॉर्चबद्दल कळकळीने सांगते. अडीअडचणीसाठी ठेवलेल्या टॉर्चमध्ये अल्कलाइन सेल घालून विसरू नका. माझ्या टॉर्चची स्प्रिंग पांढऱ्या, खरखरीत थराखाली गंजून हातात तुटून आली. सेलमधलं पोटॅशियम हायड्रॉक्साइड हे दाहक रसायन झिरपलं होतं (ते त्वचेला लागू देऊ नका). अशा जागी १.५ व्होल्टचे, एकदाच वापरायचे लिथियम सेल घ्या. महाग पडतात, पण वर्षानुवर्षं टिकतात, कडाक्याच्या थंडीतही चालतात. फक्त त्याच आकाराचे ३.७ व्होल्टचे लिथियम-आयन सेलही मिळतात, ते चुकून घालू नका. घालण्याआधी सेलवरचे व्होल्ट वाचाच.