शिरोलीतील फाउंड्री: इंजिनाचे काम घटत असताना बदल कसा करावा?

प्रश्न: कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीत वडिलांनी उभारलेली आमची फाउंड्री मोटारींच्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे, म्हणजे इंजिनाचा धूर गोळा करून बाहेर नेणाऱ्या भागाचे, ओतकाम करते. विद्युत वाहनाला हा भागच लागत नसल्याने मुख्य ग्राहकाने पुढील वर्षाची मागणी कमी केली आहे. ८० कामगारांना हे केव्हा सांगावे?

उत्तर १: आजच सांगावे. पॅटर्नवर (ज्यावरून वाळूचा साचा घेतात त्या नमुन्यावर) धूळ साचू लागली की मोल्डिंगवरच्या, म्हणजे साचे करणाऱ्या, माणसाला सारे कळते, आणि आपण गप्प राहिलात तर कसबी माणूस गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत निघून जातो.

उत्तर २: सहमत आहे, परंतु अ‍ॅल्युमिनियमच्या मोटर हाउसिंगकडे घाईने वळू नये, कारण ते बहुधा डाय कास्टिंगचे (धातूच्या कायम साच्यात दाबाने ओतण्याचे) काम असून त्याची यंत्रे, साचे आणि कसब सारेच वेगळे असते. ब्रेक ड्रम, पंप आणि व्हॉल्व्ह यांना बीड (ओतीव लोखंड) लागतेच, आणि आपली भट्टी व वाळूची व्यवस्था तेथे बरीचशी उपयोगी पडते. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ हे वाहनांच्या धुराचे कडक निकष लागू झाले तेव्हा एकाच ग्राहकावर विसंबल्याने आम्ही पोळलो होतो. पुढे पंपाच्या पहिल्या नमुन्यांत सच्छिद्रता (धातूत राहिलेली बारीक छिद्रे) निघाली आणि ती निस्तरण्यात चार महिने गेले. तेवढे खेळते भांडवल आधी बाजूला काढावे.

प्रश्नकर्ता: मनापासून आभार. मंगळवारी पाळी बदलताना, भट्टीजवळच, सर्वांशी बोलतो.