मदत हवी आहे: १५ वर्षांच्या भाचीसाठी कादंबऱ्या सुचवा
माझी भाची १५ची आहे, आत्ताच अँजी थॉमसची 'द हेट यू गिव्ह' (२०१७) वाचून संपवली तिने, शेवटची पानं तर जेवणाच्या ताटाशेजारी पुस्तक उघडं ठेवून वाचत होती आणि आता रोज विचारते मावशी पुढे काय वाचू. लहान मुलांची पुस्तकं तिला बाळबोध वाटतात आणि मोठ्यांच्या कादंबऱ्यांत ती अडकून पडते, मधलं काही सापडतच नाहीये मला. नायिका १६-१७ची, घर, मैत्री, राग सगळं खरं वाटेल असं हवं, उपदेश अजिबात नको (तो तिला लगेच कळतो). मराठीतलं अलीकडचं असेल तर फारच छान, अनुवादही चालेल. तुमच्या घरातल्या मुलांनी स्वतःहून हातात घेतलेलं आणि संपवलेलं एखादं नाव सांगा ना प्लीज.