फ्रान्सच्या खेड्यांतून पळण्यासाठी मुक्काम कुठे करावा : क्लुनी की वेझले?

बोरिवलीची धावपटू

नमस्कार. येत्या ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात मी आणि माझा नवरा फ्रान्सला जात आहोत. पॅरिसचे चार दिवस ठरलेले आहेत. त्यानंतरचे पाच-सहा दिवस एखाद्या लहान गावात मुक्काम करून रोज सकाळी रानातून पळावे, असा माझा विचार आहे. मी गेली आठ वर्षे पळते. राष्ट्रीय उद्यानाच्या दारापासून कान्हेरीच्या लेण्यांपर्यंत जाऊन परत येणे हा माझा रविवारचा ठरलेला मार्ग, त्यामुळे चढाची धास्ती नाही. एखाद्या दिवशी वीस किलोमीटर आणि एरवी दहा-बारा, एवढे निभते.

नवरा मात्र पळत नाही. त्याला जुन्या इमारतींचे वेड आहे आणि अकराव्या-बाराव्या शतकांतली, रोमनेस्क शैलीची खेड्यांतली चर्च पाहायची त्याची फार दिवसांची इच्छा आहे. मला जंगल मिळावे, त्याला चर्च मिळावीत आणि निदान दुपारचे जेवण तरी आम्ही एकत्र जेवावे, असा प्रदेश शोधता शोधता मी बर्गंडीपर्यंत आले आहे. वेझले आणि क्लुनी या दोन गावांपैकी एक निवडायचे आहे. आम्ही गाडी भाड्याने घेणार नाही.

काही शंका आहेत. वाटेत पिण्याचे पाणी मिळते का, की सगळे पाठीवर वाहून न्यावे लागते? शेतांवरच्या कुत्र्यांचा त्रास होतो का? आणि इथल्याप्रमाणे पहाटे पाचला बाहेर पडले तर चालेल का? जे स्वतः तिकडे पळाले किंवा चालले आहेत, त्यांनी सविस्तर लिहिल्यास उपकार होतील.

ल्योंहून परतलेला

नोकरीनिमित्त मी चार वर्षे ल्योंमध्ये होतो आणि सुट्टीच्या दिवशी क्लुनीच्या परिसरात पुष्कळ पळालो आहे, म्हणून माझे मत एकतर्फी आहे हे आधीच सांगून टाकतो : तुमच्या दोघांच्या गरजा पाहता मुक्काम क्लुनीतच करावा.

त्याचे मुख्य कारण तिथली ‘व्हॉय व्हेर्त’. जिव्री ते क्लुनी ही जुनी रेल्वेवाट रूळ काढून डांबरी करण्यात आली आणि 1997 पासून ती फक्त पायी जाणारे, पळणारे आणि सायकलवाले यांच्यासाठी खुली आहे. तिची लांबी 44 किलोमीटर आहे. रेल्वेची वाट असल्यामुळे चढ जवळजवळ नाहीच. ती ग्रोन नदीच्या खोऱ्यातून जाते आणि दोन्ही बाजूंच्या टेकड्यांवर ओक आणि हॉर्नबीमचे रान आहे. तुमच्या यजमानांना क्लुनीत सायकल भाड्याने घेऊन द्या. तुम्ही पळा, त्यांनी शेजारून सायकल चालवावी आणि जिथे मनोरा दिसेल तिथे वळावे. क्लुनीहून साधारण दहा किलोमीटरवर तेझे आहे. तिथल्या आंतरराष्ट्रीय प्रार्थनासमूहामुळे त्याचे नाव सगळ्यांना ठाऊक असते, पण त्याच खेड्यात एक छोटे, अंधारे रोमनेस्क चर्चही आहे आणि ते बघायला फारसे कोणी थांबत नाही. आणखी तीन-एक किलोमीटरवर कॉर्मातां आहे.

तुमच्या वीस किलोमीटरच्या दिवसासाठी कॉर्मातांहून पूर्वेकडे वळून शापेझला जावे आणि तिथून जंगलातल्या वाटेने ब्रान्सियोंच्या टेकडीवर चढावे. शापेझचे सां-मार्तां चर्च अकराव्या शतकाच्या सुरुवातीचे आहे. त्याचा मनोरा सुमारे 35 मीटर उंच आहे आणि गाव एवढेसे आहे की मनोरा आधी बांधून उरलेल्या दगडांत गाव वसवले असावे, असे वाटते. आत गेल्यावर घाई करू नका. मधल्या दालनाचे जाडजूड गोल खांब बाहेरच्या बाजूला झुकलेले आहेत आणि ते नुसत्या डोळ्यांना दिसते. मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा पळून आल्यामुळे आपल्यालाच गरगरते आहे, असे समजून बाकावर बसलो होतो. ब्रान्सियोंच्या टोकावर बाराव्या शतकातले चर्च आहे आणि त्याच्या भिंतींवर जुन्या चित्रांचे अवशेष आहेत. मोटारींना गावाबाहेरच थांबावे लागते, त्यामुळे चढून गेल्यावर चांगली शांतता मिळते.

खुद्द क्लुनीत पाहायला जे आहे ते बहुतांशी नाहीसे झालेले आहे. सन 910 मध्ये स्थापन झालेल्या या मठाचे चर्च रोममधले नवे सेंट पीटर्स उभे राहीपर्यंत ख्रिस्ती जगातले सर्वांत मोठे होते. राज्यक्रांतीनंतर ते विकले गेले आणि दगडांच्या खाणीसारखे फोडले गेले. क्रुसाच्या आकाराच्या त्या चर्चच्या आडव्या बाजूचा एक हात आणि काही तुकडे आज उरले आहेत. पायाच्या खुणांवरून चालत गेलात की मूळ लांबीचा अंदाज येतो.

पहाटे पाचचा विचार मात्र सोडून द्या. ऑक्टोबरच्या मध्यावर तिथे सूर्य आठच्या सुमारास उगवतो. महिन्याच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास मागे जातात, तेव्हा त्यानंतर सात-सव्वासातला उजाडेल. मुंबईत आपण उन्हाच्या भीतीने अंधारात निघतो, तिथे नऊला निघाले तरी हातमोजे लागतात.

आता एक स्वानुभव. एका सोमवारी मी अठरा किलोमीटर पळून, मनात फक्त गरम पाव ठेवून, एका खेड्यात पोहोचलो आणि बेकरीच्या दाराला कुलूप. खेड्यांतली पुष्कळ दुकाने सोमवारी बंद असतात, रविवारी दुपारनंतर तर असतातच, आणि इतर दिवशीही दुपारी दोन-तीन तास मिटलेली असतात. खिशात चिक्की असू द्यावी.

पायवाट

वरील प्रतिसादातली माहिती उपयुक्त आहे, परंतु डांबरी वाटेवर सायकलवाल्यांच्या मधून पळायचे असेल तर फ्रान्सला कशाला जायचे, असा प्रश्न मला पडतो. मी दोन वेळा पाठपिशवी घेऊन बर्गंडीत चाललो आहे आणि माझे मत वेझलेला आहे.

पॅरिसच्या बेर्सी स्थानकातून निघणारी गाडी सेर्मिझेलला थांबते आणि तिथून वेझले सुमारे दहा किलोमीटर आहे. सामान यजमानांबरोबर टॅक्सीने पुढे पाठवले, तर तुमचा पहिला पळण्याचा दिवस स्थानकापासूनच सुरू होऊ शकेल. टेकडीवरची मारी मादलेनची बासिलिका लांबूनच दिसू लागते. बाराव्या शतकातल्या या चर्चची पडझड झाल्यावर 1840 मध्ये व्हिऑले-ल-द्युक या तरुण वास्तुविशारदाकडे त्याचे काम सोपवले गेले, आणि 1979 मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारशात घेतले. उन्हाळ्यात सर्वांत मोठ्या दिवशी भर माध्यान्ही, म्हणजे घड्याळात पावणेदोनच्या सुमारास, वरच्या खिडक्यांतले कवडसे मधल्या दालनात बरोबर एका रांगेत पडतात. ऑक्टोबरमध्ये ते हुकणार, याची हळहळ यजमानांना वाटू नये म्हणून त्यांना हे न सांगितलेले बरे.

पळण्यासाठी टेकडी उतरून सां-पेरला या, तिथले गॉथिक चर्च पाहा आणि क्यूर नदीच्या काठाने पिएर-पेर्थुईपर्यंत जा. तिथे खोल घळीवर एक जुना कमानीचा पूल आणि त्याच्या वर एक उंच नवा पूल आहे. परतताना रानातली वाट धरली की बारा-पंधरा किलोमीटर होतात. याच क्यूर नदीतून मॉर्वां या डोंगराळ रानाची लाकडे पाण्यावर सोडून पॅरिसच्या चुलींसाठी नेली जात असत.

वाटांच्या खुणा नीट शिकून घ्या. झाडावर किंवा दगडावर पांढऱ्या पट्टीखाली लाल पट्टी दिसली तर तो लांब पल्ल्याचा ‘जीआर’ मार्ग, नुसती पिवळी पट्टी असेल तर स्थानिक छोटी फेरी, आणि याच रंगांची फुली दिसली तर आपण चुकलो. पळताना फुलीकडे लक्ष जात नाही. ती पट्ट्यांपेक्षा महत्त्वाची आहे.

सर्वांत गंभीर गोष्ट शिकारीची. सप्टेंबरपासून साधारण फेब्रुवारीअखेरपर्यंत हंगाम असतो आणि ऑक्टोबरमध्ये तो ऐन भरात असतो. वाटेच्या तोंडाशी शिकार चालू असल्याची पाटी दिसली की मागे फिरावे, त्यात कमीपणा नाही. भडक नारिंगी रंगाचे काहीतरी अंगावर असावे आणि कानांत गाणी नसावीत. परतल्यावर गुडघ्यांच्या मागे आणि मोज्यांच्या काठाशी गोचीड चिकटलेली नाही ना ते पाहावे. तिच्यामुळे लाइम नावाचा आजार होतो.

बोरिवलीची धावपटू

दोघांचेही मनापासून आभार. शिकारीचा विचार मी मुळीच केला नव्हता; आपल्याकडे रानात बिबट्याची भीती असते, बंदुकीची नाही. मात्र पाण्याचा आणि कुत्र्यांचा प्रश्न राहिलाच. शिवाय चर्च उघडी असतात का, हेही नवरा विचारतो आहे.

वसईकर

पाण्याचे उत्तर ऐकून थोडे विचित्र वाटेल, पण तिथले पळणारे पाणी दफनभूमीत भरून घेतात. जवळजवळ प्रत्येक खेड्याच्या कडेला भिंतीने वेढलेली दफनभूमी असते, लोखंडी फाटक नुसते ढकलायचे असते आणि फुलझाडांसाठी आत एक नळ असतो, ज्याच्या शेजारी खिळ्याला झाऱ्या अडकवलेल्या असतात. पाटीवर ‘पोताब्ल’च्या, म्हणजे ‘पिण्याजोगे’च्या आधी ‘नों’ लिहिलेले असेल तर ते पाणी पिऊ नये. थंडी पडू लागली की नळ बंद करतात, म्हणून अर्धा लिटर जवळ असावेच. भरताना घाईने आत-बाहेर न पळता थोडे चालत जावे; कोणी आपल्या माणसाजवळ उभे असते.

कुत्री बहुधा कुंपणाच्या आत असतात आणि भुंकून थांबतात. क्लुनीच्या बाजूला पांढऱ्या शारोले गाई अधिक भेटतील. कुंपणाच्या तारेत वीज असते, तिला हात लावू नये, आणि उघडलेले फाटक आपल्यामागे लावून घ्यावे.

चर्चबद्दल सांगायचे तर 1905 च्या कायद्याने धर्म आणि शासन वेगळे झाल्यापासून तिथली जुनी गावचर्च गावाच्या मालकीची आहेत. दार बंद दिसले तर पाद्री शोधत बसू नका. गावच्या मेरीत, म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीसारख्या कचेरीत विचारा. किल्ली बहुधा तिथे किंवा समोरच्या एखाद्या घरात असते, कधी दारावरच चिठ्ठी लावलेली असते. मेरी मात्र लहान गावांत आठवड्यातून काही तासच उघडी असते, म्हणून यजमानांनी चार-पाच नावे आदल्या दिवशीच विचारून ठेवावीत.

आमच्या वसईच्या गावांत चर्चसमोरून रोज पळतो, तरी प्रार्थना चालू असताना घामेजल्या बनियनने कोणी आत जात नाही. तिथेही तेच पाळावे. एक पातळ जॅकेट कमरेला बांधलेले असले की ते घालून घाम झाकता येतो आणि आतल्या थंडाव्यात बरेही वाटते. चिखलाचे बूट उंबऱ्याबाहेरच्या दगडावर घासून मग आत जावे.

बोरिवलीची धावपटू

आमचे ठरले. मुक्काम क्लुनीत, आणि पॅरिसला परतताना एक रात्र वेझलेत. सोमवार वेझलेत येऊ नये एवढे पाहून तारखा लावते आहे. नारिंगी जॅकेटसाठी या आठवड्यात नागदेवी स्ट्रीटला जाते. रस्त्यावर काम करणारे घालतात ते तिथल्या दुकानांत टांगलेले असते, फक्त माझ्या मापाचे मिळायला हवे.