मदत हवी आहे: व्हेंटिलेटरवरच्या पेशंटसाठी मराठी अक्षरफलक, अक्षरं कोणत्या क्रमानं लावू?

नमस्कार मंडळी,

२०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात जीबीएसची (गियाँ-बारे सिंड्रोम, यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर हल्ला करते) साथ आली, त्यात माझे मामा सापडले. पायांपासून सुरू झालेली कमजोरी चार दिवसांत छातीपर्यंत चढली आणि व्हेंटिलेटर लावावा लागला. या आजारात माणूस शुद्धीवर असतो, त्याला सगळं कळत असतं. पण नळी स्वरतंतूंच्या मधून गेलेली, म्हणून आवाज नाही, आणि हातात बळ नाही, म्हणून लिहिणंही नाही. एकदा मामी आणि सिस्टर पाऊण तास विचारत होत्या, दुखतंय का, तहान लागलीय का, गरम होतंय का. मामा नुसते बघत राहिले. बोलायला लागल्यावर त्यांनी सांगितलं, टाचेखाली चादरीची चुणी आली होती, ती खुपत होती. बस्स.

मामा आता काठी घेऊन चालतात. मी प्रोग्रॅमर आहे, तर टॅबवर चालेल असा फलक करायला घेतलाय. आयआयटी मुंबईच्या आयडीसीत (डिझाइन विभागात) केलेलं जेलो पाहिलं, बोलता न येणाऱ्यांसाठीचं चित्रांवर बोट ठेवून बोलायचं अ‍ॅप. चांगलं आहे, मराठीतही आहे, पण ते मुलांना डोळ्यासमोर ठेवून केलेलं.

माझं घोडं अक्षरांपाशी अडलंय. ज्याँ-दोमिनिक बोबी या फ्रेंच संपादकाची गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक असेल. पक्षाघातानंतर फक्त डावी पापणी हलायची. समोरचा माणूस वापराच्या क्रमानं अक्षरं म्हणत जायचा आणि हवं ते आलं की हा पापणी मिटायचा. त्यांची अक्षरं २६. आपल्याकडे व्यंजनं, स्वर, वर काना-मात्रा-वेलांट्या आणि जोडाक्षरं!

मीही आधी जास्त वापराची अक्षरं पुढे घेतली. हिशेबानं हीच मांडणी जलद. मामांना दाखवली तर म्हणाले, "ही कुठल्या शाळेची बाराखडी?" मग क, च, ट, त, प, य आणि स्वर अशा सात ओळी केल्या. आधी ओळ विचारायची, मग अक्षर. हे त्यांना लगेच जमलं. वेळ वाचवायला ह्रस्व-दीर्घ एकच केलं, जोडाक्षरं काढून टाकली. "त्रास"चं "तरास" होतं, पण वाचणाऱ्याला कळतं. (शुद्धलेखनवाल्यांनी रागावू नये. न आणि ण एक केले तेव्हा मामाच रागावले, ते परत वेगळे केलेत.)

वर्गवार ठेवू की वारंवारतेनं? आणि खुणेसाठी कॅमेऱ्यानं पापणी टिपावी का? आयसीयूत काम केलेल्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद १
दादा, मी आयसीयूत स्टाफ नर्स आहे. अक्षरांच्या आधी चष्म्याचं बघा. भरती करताना चष्मा, कवळी, कानाचं मशीन पिशवीत घालून नातेवाइकांकडे देतात. पेशंटला फलक दिसतच नाही, आणि आम्हाला वाटतं त्याला समजत नाहीये. दुसरं, पापणीवर भिस्त ठेवू नका. जीबीएसमध्ये चेहऱ्याचे स्नायूही जातात, कधी डोळे नीट मिटतसुद्धा नाहीत. "हो" म्हणजे वर बघणं, "नाही" म्हणजे खाली, असं काहीतरी ठरवा आणि बेडच्या डोक्याशी मोठ्या अक्षरात लावा. नाहीतर ड्यूटी बदलली की नवीन सिस्टरपाशी पुन्हा शून्यापासून सुरुवात.

प्रतिसाद २
वर्गवारच ठेवा. आजारी माणसाला नवा क्रम शिकवू नये. आणि अक्षरं ही शेवटची पायरी असू द्या, आधी तयार वाक्यं: कूस बदला, नळी खुपतेय, कफ काढा, दिवा बंद करा. दुखण्यासाठी सहा चेहऱ्यांची वाँग-बेकर पट्टी असते, पण तिच्यावरून किती दुखतंय तेवढंच कळतं, कसं दुखतंय ते नाही. ठणकतंय, आग होतेय, मुंग्या येताहेत, चमक मारतेय, गोळा येतोय, हे शब्द घाला.

धागाकर्ता
चष्मा! मामांचा महिनाभर मामीच्या पर्समध्ये होता, आत्ता विचारून घेतलं. कॅमेरा रद्द. वाक्यांत "चादर नीट करा" सगळ्यात वर टाकतोय. ताई, टॅबच्या आधी लॅमिनेट केलेला कागदच करून बघतो. तो स्पिरिटनं रोज पुसला तर छपाई टिकते का? आणि तुमच्याकडे बेडच्या डोक्याशी असा कागद लावू देतात का?