पोस्टरवरचा गांदिनी की रस्त्यावरचा जुजारो?

चाकोरी (धागाकर्ता):
गाडी-डिझायनरांचा विषय निघाला की मार्चेल्लो गांदिनीचं नाव आधी येतं. लँबोर्गिनीच्या मिउरा (१९६६) आणि काउंटाश (१९७१ चा नमुना), भिंतीवरची पोस्टरं. मला हे माप मान्य नाही. ज्याचे निर्णय साध्यासुध्या गाड्यांत इतके मुरले की कुणाचे ते विचारावंसंही वाटत नाही, तो मोठा. या हिशेबात जॉर्जेत्तो जुजारोच्या जवळपास कोणी नाही.

त्याने काढलेली फोक्सवागनची १९७४ ची गोल्फ बघा. चाकांच्या पुढे-मागे लोंबणारं धड छाटलं, चाकं कोपऱ्यांत सरकवली, मागच्या काचेशेजारचा खांब जाड ठेवला, मागचं दार तिरकं केलं. आठ पिढ्या झाल्या, तो खांब कुणी हलवलेला नाही. (जुजारोने दिवे चौकोनी काढले होते, कंपनीने खर्च वाचवायला गोल बसवले. आता तेच गोल दिवे 'अस्सल गोल्फ' म्हणून मिरवतात!)

त्याचीच १९८० ची फियाट पांडा तर त्याहून सरस. सगळ्या काचा सपाट. वाकवायचा साचा नको, वाकवताना वाया जाणारा माल नाही, डाव्या दाराची काच उजव्या दाराला चालते. हेही डिझाइनच.

पत्रामास्तर:
असहमत. जुजारोला ताट वाढूनच मिळालं होतं. ब्रिटिश अभियंता इसिगोनिसने १९५९ च्या मिनीत इंजिन आडवं बसवलं, १० इंची चाकं लावली, आणि ३.०५ मीटरच्या गाडीत जमिनीची ८० टक्के जागा माणसं आणि सामानाला दिली. मात्र गिअरबॉक्स इंजिनाखाली तेलाच्या तळातच गेला. दोघांना एकच तेल, आणि गिअरच्या दात्यांत चिरडून ते लवकर पातळ होतं.

ती अडचण फियाटच्या दांते जाकोझाने सोडवली. १९६४ च्या आउटोबियांकी प्रिमुलात गिअरबॉक्स इंजिनाच्या शेजारी, एका रेषेत. त्यामुळे चाकांकडे जाणारे दोन दांडे कमी-जास्त लांबीचे झाले. अशा मांडणीत जोरात ॲक्सिलरेटर दाबला की गाडी एका बाजूला ओढते. त्यावर उपाय म्हणून लांब दांडा जाड आणि पोकळ करतात, म्हणजे दोन्हींचा पीळ सारखा येतो. आजच्या बहुतेक लहान गाड्या याच मांडणीच्या आहेत. नाक आखूड झालं ते जाकोझामुळे. त्यावर पत्रा कोणी चढवला हा नंतरचा प्रश्न.

चाकोरी:
मग इसिगोनिसचीच १९६९ ची ऑस्टिन मॅक्सी का नाही कुणी उचलली? आडवं इंजिन, मागे पूर्ण दार, पाच गिअर, सगळं होतं. पण खर्च वाचवायला दारं मोठ्या १८०० मॉडेलची घ्यावी लागली. दारं लांब, म्हणून मधला भाग लांब, आणि गाडी ओढून ताणल्यासारखी दिसली. मांडणी बरोबर, प्रमाण चुकलं.

तिरकीरेघ:
मॅक्सीचा मुद्दा चांगला आहे, पण गांदिनीला पोस्टरात कोंडू नका. काउंटाशची उंची जेमतेम १०७ सेंमी, रुंदी अफाट, मागचं काही दिसत नाही. वर उघडणारं दार अडचणीच्या जागी उघडता येतं, आणि रिव्हर्स घेताना ते वर करून, उंबऱ्यावर बसून, बाहेर वाकून मागे बघता येतं.

चूक झाली ती हवेच्या वाटांत. मूळ नमुना नितळ होता, नुसत्या झडपा. चाचणीत इंजिन तापायला लागलं, तेव्हा खांद्यांवर खोकी आणि बाजूला खोल खाचा आल्या. लोक ज्याला गाडीचा राग म्हणतात ती रेडिएटरची तहान आहे.

आणि सिट्रोएन बीएक्स (१९८२), दुसरी रेनो फाइव्ह (१९८४) हीसुद्धा त्याचीच. रोजच्या वापरातल्या गाड्या आहेत या.

पत्रामास्तर:
बीएमडब्ल्यूचा तेव्हाचा डिझाइनप्रमुख ख्रिस बँगल, त्याचं नाव कोणीच घेत नाही? २००१ च्या सेव्हन सिरीजला (बाह्यरूप त्याच्या चमूतल्या व्हान होयडोंकचं, शिव्या बँगलला) किती झोडपलं. पण फुगीर पत्रा त्याच दारावर खोलगट करत नेण्याची रीत त्याच्या चमूने रुळवली. आता स्वस्तातल्या हॅचबॅकच्या दारावरही दोन-दोन दुमडी असतात.

मातीकाम:
दुमडींचं सगळं श्रेय बँगलला नको, अर्धं प्रेसच्या साच्याला द्या. बाहेरचा पत्रा साधारण ०.७ मिमी. मोठा सपाट भाग ठेवला तर बोटाने दाबल्यावर डब्यासारखा वाजतो. त्याला थोडा फुगवटा तरी हवा, नाहीतर दुमड. पण दुमडीची कड फार टोकदार केली की पत्रा तिथे ताणून पातळ होतो आणि फाटतो. शिवाय साच्यातून सुटल्यावर तो थोडा परत उलगडतो, म्हणून साचाच मुद्दाम जास्त वळवलेला असतो. ॲल्युमिनियमची ताठरता पोलादाच्या तिसऱ्या हिश्शाची, म्हणून ते आणखी उलगडतं. ही आकडेमोड संगणकावर जमायला लागल्यावरच असल्या रेघा मोठ्या प्रमाणावर निघाल्या.

भोगतो कोण, तर डेंटर. दुमडीवरचा पोचा मागून उचलला तरी ताणलेला पत्रा आपल्या मूळ मापाला येत नाही. लांबी (पुट्टी) भरून रेघ काढली तर ती बोथट दिसते, आणि शेजारच्या फेंडरवरच्या रेघेशी १ मिमीने चुकली तरी उन्हात लगेच कळते.

माझं मत जनरल मोटर्सच्या हार्ली अर्लला. १९२७ च्या ला साल गाडीपासून मोठ्या कंपनीत 'रूप' हे स्वतंत्र खातं झालं, आणि मातीचं पूर्ण आकाराचं मॉडेल रूढ झालं. आजही माती ६० अंशांच्या आसपास तापवून फोमच्या सांगाड्यावर थापतात, थंड झाली की दात्यांच्या पट्टीने खरवडतात, मग वर ओली फिल्म ताणून बसवतात. कारण उघड्या मातीवर प्रकाश सरकत नाही, आणि प्रकाश सरकला नाही तर खड्डे दिसत नाहीत.

तिरकीरेघ:
अर्लने पद्धत दिली, तसं दरवर्षी गाडी शिळी करायचं व्यसनही दिलं. पी-३८ विमानावरून १९४८ च्या कॅडिलॅकला छोटे पंख आले, १९५९ पर्यंत ते केवढे उंच झाले ते सगळ्यांना माहीत आहे. मर्सिडीझच्या ब्रूनो साक्कोचं तत्त्व नेमकं उलटं: नवं मॉडेल आलं म्हणून आधीचं म्हातारं दिसता कामा नये. १९८२ ची मर्सिडीझ १९० आजही उभी राहिली तर ओशाळत नाही.

पत्रामास्तर:
रूपाला शेवटी वारा गाठतोच. १९९८ च्या आउडी टीटीची पाठ कशी घोटीव होती! पण भरधाव वेगात तीच पाठ मागची चाकं हलकी करत होती. अपघात झाले, गाड्या परत बोलावल्या, मागे स्पॉयलर चिकटवला, ईएसपी (घसरताना गाडी सावरणारी यंत्रणा) दिलं, सस्पेन्शन बदललं. १९८२ च्या फोर्ड सिएराचं दुखणं आडव्या वाऱ्याचं. तिथे मागच्या खिडकीच्या रबरालाच बारीक उंचवटा देऊन हवा एका ठरावीक जागी तोडावी लागली.

चाकोरी:
टीटीचं मान्य. पण एक सांगा, २०२१ ची ह्युंदाई आयोनिक ५ कुणाकडे बघून काढली? १९७४ च्या पोनी कूपेकडे. ती जुजारोचीच.

पत्रामास्तर:
कडा पोनीच्या, कबूल. पण त्या गाडीच्या दोन चाकांमधलं अंतर ३ मीटर आहे, कारण खाली बॅटरी आडवी पसरलीय. जमीन वर आली, छत वर गेलं, म्हणून डोळा फसवायला चाकं मोठी करावी लागली. फोटोत ती लहान हॅचबॅक वाटते, शेजारी उभे राहिलात की चकता.